आमची डॉज
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी संतवाङ्मय, आरोग्य, मुलांचे करिअर अशा विषयांवर विद्वान मंडळी बोलतात. यंदा कार्यवाहांनी मला फोन करून सांगितले, "काका, तुम्ही तुमच्या त्या जुन्या अमेरिकन गाडीवर बोला." मी म्हटले, अहो, मोटारीवर पाऊण तास काय बोलणार? तर म्हणाले, "तुम्ही एरवी दोन-दोन तास बोलता, आम्ही ऐकतोच की." तेव्हा आज पाऊण तासातच आटोपतो.

पहिल्यांदा एक खुलासा. आमच्या गाडीला सगळे 'विंटेज' म्हणतात. जाणकारांच्या शास्त्राप्रमाणे १९३० पर्यंतची गाडी विंटेज, त्यानंतरची क्लासिक. आमची डॉज किंग्जवे १९५६ ची, म्हणजे त्या पंक्तीत तिला पाट नाही. पण २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला की पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असलेली खासगी गाडी ती विंटेज. तेव्हा सरकारदरबारी ती विंटेज झाली आहे. त्या हिशेबाने इथे पुढच्या रांगेत बसलेले आपण बरेचजण विंटेजच आहोत.

आता या अमेरिकन गाड्या आपल्याकडे आल्या कशा? पुष्कळांना वाटते, राजेमहाराजांनी बोटीतून मागवल्या. तशाही आल्या. पण मोठ्या संख्येने आल्या त्या सुट्या भागांच्या पेट्यांतून, आणि जोडल्या गेल्या इथेच. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. फोर्डची हिंदुस्थानातली कंपनी १९२६ ची. तिची जोडणी मुंबई, कलकत्ता आणि आपल्या मद्रासलाही होत असे. गंमत म्हणजे ही फोर्ड कंपनी अमेरिकेची नव्हे, कॅनडाच्या फोर्डची शाखा होती. कॅनडा ब्रिटिश साम्राज्यातला, त्यामुळे जकातीत सवलत. स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या कित्येक 'अमेरिकन' गाड्या खऱ्या कॅनडाच्या. दक्षिणेत शेवरले घराघरांत पोचवण्यात टीव्हीएसचा मोठा वाटा. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा याच टीव्हीएसने कोळशाच्या गॅसवर मोटार चालवायची यंत्रे बनवली. मागे बंबासारखे धूड बांधून मोटारी आणि बसगाड्या धावत.

आपल्या मराठी माणसाला हे सगळे परके नाही. १९४८ साली जूनच्या पहिल्या तारखेला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. सुरुवातीच्या त्या ताफ्यात शेवरले, फोर्ड, स्टुडबेकर अशी अमेरिकन नावे होतीच. ज्यांनी लहानपणी गावाकडे 'सर्व्हिस मोटारी'तून प्रवास केला असेल, त्यांच्या नाकात तो पेट्रोलचा आणि तापलेल्या रेक्झिनचा वास अजून असेल.

आमची डॉज मात्र कुर्ल्याची! सोलापूरला जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो अशी तीन नावे. आत पाहिले तर बहुतेक एकच गाडी. समोरची जाळी वेगळी, बॉनेटवरचे चिन्ह वेगळे, विकणारा डीलर वेगळा. माझे वडील म्हणत, "दशमी, धपाटं आणि थालीपीठ, तवा एकच." पुढे १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवले की नुसती जोडणी करणाऱ्यांना इथे जागा नाही, हळूहळू सगळे भाग इथेच बनवायचे. फोर्ड आणि जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेले. प्रीमियर राहिली, पण तिचे लक्ष छोट्या फियाटकडे वळले. त्यामुळे आमच्यासारख्या मोठ्या गाड्या थोड्याच वर्षांत इतिहासजमा झाल्या.

वडील सोलापूरचे. चादरी आणि टॉवेल यांची एजन्सी घेऊन १९५० च्या सुमारास मद्रासला आले. गोडाऊन स्ट्रीटला एका माडीवर गादी होती. १९६२ साली त्यांनी ही गाडी सेकंडहँड घेतली. एका कंपनीतला साहेब निवृत्त होऊन विलायतेला चालला होता, त्याची. किती रुपयांना घेतली हे वडिलांनी आईला शेवटपर्यंत सांगितले नाही. विचारले की म्हणत, "आपल्या सोलापूरच्या माणसाच्या कारखान्यातली आहे," जणू काही त्यामुळे ती फुकटच मिळाली! मी तेव्हा अकरा वर्षांचा. गाडी दारात आली तेव्हा गल्लीतली सगळी पोरे जमली. तिचा रंग फिकट हिरवा, छत पांढरे. पुढचे सीट सलग बाकासारखे, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. त्यामुळे पुढे तिघे आरामात, मागे चौघे. आमच्या घरी त्यात अकरा बसत.

इंजिन पावणेचार लिटरच्या आसपास, सहा सिलिंडरचे. त्या काळची आपली अँबॅसडर दीड लिटरची होती, यावरून कल्पना यावी. हे इंजिन तालेवार पण सुस्वभावी. घाई नाही, आदळआपट नाही. चालू आहे की बंद हे कळायला बॉनेटवर हात ठेवावा लागे. मात्र पेट्रोल पिण्याच्या बाबतीत ते कुंभकर्णाचे सख्खे भाऊ. लिटरला पाच किलोमीटर, सहा मिळाले तर त्या दिवशी घरात गोड.

१९६८ च्या मे महिन्यात आम्ही या गाडीने सोलापूरला गेलो. चुलतबहिणीचे लग्न होते. तेव्हा रेल्वेने रात्रीत होणारा प्रवास दोन दिवस रस्त्याने करायचा, याला आईचा विरोध होता. कडप्पा ओलांडले आणि भर दुपारी गाडी चढावर गचके खाऊन थांबली. ज्यांनी जुन्या गाड्या चालवल्या आहेत त्यांना हे दुखणे ठाऊक आहे. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. वडिलांनी आपला पंचा फाडला, ओला केला आणि पेट्रोलपंपाला गुंडाळला. पाणी कुठले? आईने फिरकीच्या तांब्यात मद्रासहून आणलेले. पंधरा मिनिटांनी गाडी सुरू झाली. पुढे दर तासाला हा अभिषेक. संध्याकाळी गुंटकलला पोचलो तेव्हा तांब्यात थेंब नव्हता, पण आईचा सूर बदलला होता. "तिला ऊन सोसत नाही, सकाळी लवकर निघू," म्हणाली. त्या दिवसापासून आई गाडीचा उल्लेख 'ती' असा माहेरच्या माणसासारखा करू लागली. पुढे रायचूर, गुलबर्गा करत दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला सोलापूरला पोचलो. लग्नात नवरदेवापेक्षा गाडीभोवती गर्दी जास्त होती, हे मुलाकडच्या मंडळींना आवडले नाही.

इथे बसलेल्या ज्येष्ठांना आठवत असेल, त्या काळी आपल्या उत्सवाची मूर्ती याच गाडीतून विसर्जनाला जायची. पुढच्या बाकावर मधोमध पाट, त्यावर बाप्पा, एका बाजूला वडील चालवायला आणि दुसऱ्या बाजूला त्या वर्षीचे यजमान. पुढे झांजा आणि लेझीम. ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने, न धडधडता, समुद्रापर्यंत चालायची. मूर्ती मोठी झाली, मिरवणुकीला ट्रक आला आणि ते बंद पडले. आता ट्रकच योग्य आहे, मी तक्रार करत नाही. पण त्या बाकावर मधोमध एक गोल डाग आहे, कलशातल्या पाण्याचा. दोनदा सीटचे काम केले, तेवढा तुकडा मी बदलू दिला नाही.

मग १९७३ साल आले. अरब देशांनी तेल रोखले, पेट्रोलचे भाव भडकले आणि मद्रासमधल्या मोठ्या गाड्यांवर संक्रांत आली. कितीतरी शेवरले आणि प्लिमथ भंगारात गेल्या. ज्या वाचल्या त्यांच्या पोटातले मूळ इंजिन काढून पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवले. ते इंजिन इथेच सेंबियमला सिम्पसन कंपनीत बनत असे, त्यामुळे सहज मिळायचे. गाडी चालायची, टॅक्सी म्हणून पोटही भरायची, पण आवाज पिठाच्या गिरणीचा. शुद्धतावादी मंडळी या डिझेलवाल्यांना नावे ठेवतात. मला ते पटत नाही. डिझेल लागले म्हणून त्या गाड्यांची शरीरे तरी जगली. आज ज्या पुन्हा मूळ इंजिन घालून सजवल्या जातात, त्यांतल्या कित्येक टॅक्सी म्हणून राबलेल्या आहेत.

वडिलांनी डिझेल बसवले नाही आणि विकलीही नाही. चार ठोकळ्यांवर चढवून ठेवली. दर रविवारी इंजिन दहा मिनिटे सुरू करायचे आणि दसऱ्याला हार घालून गल्लीत एक फेरी. असे जवळजवळ सात वर्षे चालले. त्या काळात धंदाही बेताचा होता. आईने एकदाच विचारले, "विकली तर मुलीच्या लग्नाचं भागेल का?" वडील म्हणाले, "भंगारवाला वजनावर घेतोय. वजनावर देऊ?" आईने विषय सोडला. धाकट्या बहिणीचे लग्न कर्ज काढून झाले आणि ती सासरी गेली याच गाडीतून. ते बरोबर झाले का, यावर आमच्या घरात आजही दोन मते आहेत.

तमिळ सिनेमात आणि सिनेमावाल्यांतही या गाड्यांचे मोठे स्तोम होते. आपल्याकडे खेड्यात मोटारीला नुसते 'मोटार' म्हणत, इथल्या खेड्यांत 'प्लेझर' म्हणायचे, प्लेझर कार म्हणून. नट एम. आर. राधा यांची गोष्ट इथे सगळे सांगतात. त्यांनी नवी कोरी इंपाला घेतली आणि तिच्या टपावरून गुरांसाठी वैरण नेली. लोक हळहळले तर म्हणे, पत्र्याचीच तर आहे! गोष्ट तंतोतंत खरी असो वा नसो, मला ती फार आवडते. वापरण्यासाठी गाडी आहे, हे त्या माणसाला कळले होते. २०२३ साली वडपळनीला एव्हीएम स्टुडिओत जुन्या गाड्यांचे छान संग्रहालय सुरू झाले आहे. मुलांना घेऊन जरूर जा. मद्रास हेरिटेज मोटरिंग क्लबची प्रदर्शनेही असतात.

या प्रदर्शनांत माझी बरीच मैत्री झाली. मैलापूरचे एक निवृत्त डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे १९४७ ची शेवरले. वडिलांनी याच गाडीतून रात्री-अपरात्री रोगी पाहिले, म्हणून मागच्या सीटखाली अजून ती चामड्याची बॅग आहे. कीलपॉकच्या एक बाई आहेत, त्यांची प्लिमथ गेली तीस वर्षे जागची हललेली नाही. पण दर महिन्याला बॅटरी जोडून त्या हॉर्न वाजवतात. म्हणाल्या, "आप्पा ऑफिसातून आले की असाच वाजवायचे." आम्हा सगळ्यांना बाहेरचे लोक श्रीमंत समजतात. प्रत्यक्षात बहुतेकजण पेन्शनीतून कार्ब्युरेटर दुरुस्त करणारे आहेत.

आणि दुरुस्त करणारे हात म्हणाल तर ते पुदुपेट्टैचे. एग्मोरजवळ, कूवम नदीच्या कडेला, जुन्या भागांच्या दुकानांची ती अख्खी वसाहत. आमचे मेस्त्री तिथलेच. शिक्षण चौथी. गॅस्केट मिळाले नाही तर ते पत्रा कापून करायचे, वॉटरपंपाची बुश लेथवर ओतून घ्यायचे. फार्गो ट्रकचा कुठला भाग डॉजला बसतो हे त्यांना तोंडपाठ. आमच्या इंजिनात व्हॉल्व्ह वर नसतात, बाजूला खाली असतात. त्यांचे अंतर लावायचे तर पुढचे चाक काढून, आतली पट्टी सोडून, गरम इंजिनात हात घालावा लागतो. आणि डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे! क्रायस्लरच्या गाड्यांची ती खोड. सैल करायला उजवीकडे फिरवायचे. हे ठाऊक नसलेल्या एका पंक्चरवाल्याने तिंडिवनमजवळ जोर लावून दोन बोल्ट तोडले होते. तेव्हापासून डाव्या चाकांवर मी तमिळमध्ये रंगवून ठेवले आहे, 'उलटे फिरवा'.

आता २०१५ चे सांगतो. नोव्हेंबरभर पाऊस होताच. १ डिसेंबरच्या रात्री अड्यार नदी कोट्टूरपुरममध्ये शिरली. आमचे घर तिथेच, तळमजल्यावर. आम्ही दोघे वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेलो. अंधारात टॉर्चच्या उजेडात मी वरून पाहत होतो. पाणी बंपरला लागले, मग दिव्यांना, मग काचेपर्यंत आले. शेवटी फक्त पांढरे छत दिसत होते, पाण्यावर ताट तरंगावे तसे. तेव्हा वडील जाऊन बारा वर्षे झाली होती. मला पहिला विचार आला तो आईला पुण्याला फोन करून काय सांगू हा. फोन बंद होते, ते बरेच झाले.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरले. आमच्या इमारतीत सात गाड्या बुडाल्या. सहा आधुनिक गाड्यांत पाणी संगणकात गेले, तारांच्या जुडग्यात गेले. विम्याच्या लोकांनी पाहणी करून त्या निकालात काढल्या. सातवी आमची. मेस्त्री तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. गुडघाभर चिखलातून चालत आले, बॉनेट उघडले, आत पाहिले आणि म्हणाले, "भयप्पडादींग सार. हिच्यात बिघडायला आहेच काय?"

त्यांनी पहिली तंबी दिली की चावी लावायची नाही. सहाही प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि ऑइल यांचे मिश्रण ओतले आणि दोन दिवस मुरू दिले. खालून तेल सोडले तर आधी बादलीभर गढूळ पाणीच आले. मग पंखा हाताने ढकलून इंजिन बोटभर हलवले. ते हलले तेव्हा मेस्त्रींनी हात जोडले. तीनदा तेल बदलले. पेट्रोलची टाकी उतरवून धुतली. डायनामो आणि स्टार्टर उघडून पुदुपेट्टैला भट्टीच्या उबेत वाळवले. ब्रेकचे ड्रम घासले. सीट गच्चीवर उन्हात टाकली, आणि बायकोने तिच्यावर घरातल्या भिजलेल्या पोथ्या वाळत घातल्या. एकोणिसाव्या दिवशी सेल्फ मारला. आधी खोकली, भकाभका धूर सोडला, आणि लागली. इमारतीतले सगळे गॅलरीत आले होते. ज्यांच्या सहा गाड्या गेल्या होत्या त्यांनीच टाळ्या वाजवल्या. मी आईला फोन लावला आणि बॉनेटजवळ धरला. आई म्हणाली, "आवाज जरा घोगरा येतोय." आईचे कान तसे कमी झाले होते, पण ते खरे होते. सायलेन्सरला भोक पडले होते.

मेस्त्री २०२१ मध्ये कोविडात गेले. आई त्याच्या दोन वर्षे आधी. मेस्त्रींचा नातू मोठ्या वर्कशॉपमध्ये लॅपटॉप लावून गाड्या तपासतो. रविवारी येतो. परवा त्याने पुढचे चाक काढून सहा सिलिंडरचे बारा व्हॉल्व्ह लावले. हात भाजला, पण इंजिन पूर्वीसारखे शांत झाले. त्याला मी आजोबांची फीलर गेजची पट्टी दिली.

आता नवी काळजी पेट्रोलची आहे. त्यात हल्ली २० टक्के इथेनॉल असते. पंपातला जुना रबरी पडदा आणि नळ्या त्याने फुगतात, गळतात. सगळ्या बदलून घेतल्या. बायको म्हणते, यात काळजी कसली, सोलापूरचा ऊस अखेर सोलापूरकराच्या गाडीत आला.

दुसरा प्रश्न त्या २०२१ च्या नियमाचा. वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांसाठी 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. पण मग गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढेच. मान म्हणून नंबर चांगला आहे आणि ज्यांच्या गाड्या खरोखर नाजूक आहेत त्यांनी तो घ्यावा. मी घेतलेला नाही. शनिवारी सकाळी मी याच गाडीने भाजी आणतो. भाजीवाली डिकी उघडायला स्वतः येते, तिला ते आवडते.

माझा मुलगा पुण्यात असतो. त्याच्या सोसायटीत एका गाडीची जागा आहे आणि ती आमच्या डॉजला तीन फूट कमी पडते. कोईम्बतूरच्या एका संग्राहकाने चांगली किंमत सांगितली आहे. माणूस सज्जन आहे, गाडी काचेआड नीट ठेवील. मी त्याला अजून हो म्हटलेले नाही आणि नाहीही म्हटलेले नाही. मेस्त्रींच्या नातवालाही विचारून ठेवले आहे. तो म्हणाला, "सार, गाडी ठेवीन, पण पेट्रोल कोण भरणार?" त्याचा प्रश्न रास्त आहे. पेट्रोलापुरती ठेव बँकेत ठेवून गाडी त्याच्या नावावर करता येईल का, याची चौकशी सध्या चालू आहे. सभेत कुणी वकील असतील तर नंतर भेटावे.

गाडी बाहेर कडुलिंबाखाली उभी आहे. प्रसादानंतर मुलांना फेरी मारायची असेल तर एका वेळी सातजण. दार हळू लावा, काचा जुन्या आहेत. आणि पुढच्या बाकावर मधली जागा रिकामी ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!